घरी जाऊन टाकतो

फोल्कमारने शेवटची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सारली आणि कान जिन्याकडे लावला. ड्राइव्ह कुरकुरत लिहायला लागला. खाली कुठेतरी, बहुधा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, बादली टेकवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग फडकं पिळल्याचा आवाज. त्याच्या बायकोचा, रोझविथाचा, डावा गुडघा चार पायऱ्या पुसल्या की तिला खाली बसवायचाच, आणि ती बसली की जिना गप्प व्हायचा.

उठून जावं, तिच्या हातातलं फडकं घ्यावं, असं त्याच्या मनात आलं. पण कॉपी अर्ध्यावर होती. अर्ध्यावर सोडलेल्या फ्लॉपीचा भरवसा नसतो, असं त्याने स्वतःला समजावलं आणि तो बसून राहिला.

या आठवड्यात जिना पुसायची पाळी त्यांची होती. शेजारणीने पाळीची लाकडी पाटी आणून त्यांच्या दाराच्या मुठीला अडकवली होती. ही पाटी दारावर आली की शनिवारपर्यंत अख्खा जिना, थेट तळघरापर्यंत, त्या घराने पुसायचा. खालच्या तरुण जोडप्याने एकदा सुचवून पाहिलं होतं की वर्गणी काढून एखादी बाई लावू. रोझविथानेच मोडता घातला. आजवर पुसला, आता काय धाड भरली आहे, असं ती म्हणाली होती. तेव्हा तिचा गुडघा धड होता.

ती वर आली तेव्हा दारातच भिंतीला टेकून उभी राहिली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "खालचा अर्धा राहिलाय. दुपारी करते."

"मी करतो ना संध्याकाळी."

"तू करशील आणि कोपरे मी करेन. राहू दे." तिने एप्रनची गाठ सोडली. "आंकेचा फोन आला होता. ती घरमालकीण सोमवारपर्यंतच थांबणार आहे. मग दुसऱ्यांना देणार."

आंके त्यांची मुलगी. ती म्युन्स्टरला राहायची, आणि तिच्या घरापासून पायी जाण्यासारख्या अंतरावर तळमजल्याचं एक घर भाड्याने निघालं होतं. दारात एकच पायरी, तीही बुटकी.

"बघू," फोल्कमार म्हणाला.

"वसंतातही बघूच म्हणाला होतास. ते घर गेलं."

"अगं, पण इथलं काय? मी गेलो तर क्लबातल्यांचं सगळं अडेल. दर महिन्याला हे कोण करणार?"

'हे' म्हणजे टेबलावरच्या चार फ्लॉपी. रोझविथाने त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं. मग एप्रन घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथून तिचा आवाज आला. "केकचा डबा आडवा धरू नकोस. मागच्या वेळी सगळं क्रीम झाकणाला लागलं होतं."

आपलं काम कोणाला समजावून सांगायची वेळ आली की फोल्कमार तळघरातल्या धुण्याच्या खोलीचं उदाहरण द्यायचा. इमारतीत प्रत्येकाने आपापली धुण्याची सोय केलेली नसते. खाली एकच सामायिक खोली, आणि सगळ्यांचं धुणं तिथेच. अमिगा नावाच्या त्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या पोटातही तसंच होतं. अक्षरं उमटवणं, चित्र दाखवणं, आवाज काढणं ही कामं प्रत्येक प्रोग्राम स्वतः करत बसत नाही. त्यासाठी सगळ्यांत मिळून काही सामायिक फायली असतात. त्यांना लायब्ररी म्हणायचं. लायब्ररी बिघडली की घरोघरचं धुणं तुंबलं म्हणून समजा. हे कॉम्प्युटर बनवणं थांबूनही आता एक पिढी उलटली होती, तरी जगात कुठे कुठे हौशी माणसं अजून या लायब्रऱ्या दुरुस्त करत, सुधारून पुढची आवृत्ती काढत. फोल्कमार त्या शोधून आणायचा, एका जास्तीच्या अमिगावर एकमेकींशी पटतंय का ते तपासायचा, आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अमिगावाल्यांच्या क्लबात प्रत्येकाच्या हातात एकेक फ्लॉपी ठेवायचा, आपापल्या यंत्रात टाकायला. एक गिसबर्टला, एक इर्महिल्डला, एक एन्नोला. चौथी नव्या माणसासाठी. नवा माणूस कित्येक वर्षांत आलेला नव्हता. तरी चौथी फ्लॉपी तो करायचाच.

नेमबाज मंडळाच्या खानावळीची मागची खोली क्लबाला मिळायची. पलीकडे लाकडी चेंडूने खुंट्या पाडायचा खेळ चालायचा, आणि गडगडाट झाला की मॉनिटर हलायचे. एके काळी या खोलीत खुर्च्या पुरत नसत. आता खिडकीपाशी दोन टेबलं लागायची आणि तीही ऐसपैस वाटायची. एन्नोचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे आज दोनच यंत्रं होती, पिवळी पडलेली, गिसबर्टची आणि इर्महिल्डची.

"आले, डॉक्टर आले," गिसबर्ट म्हणाला. हा छपरं शाकारणारा होता. आता शिडी सुटली होती, पण जीभ तशीच होती. "पेशंट तयार आहेत. आधी सुई की आधी केक?"

"केक," इर्महिल्ड म्हणाली. तिने शाळेत गाणं शिकवण्यात आयुष्य काढलं होतं आणि चर्चच्या गायकवृंदाची स्वरलेखनं ती अजून याच यंत्रावर करायची. इथे यायला तिला मध्ये बस बदलावी लागे. कोट काढायच्या आधीच ती खुर्चीत बसली होती.

आलुबुखाराचा केक झाला, कॉफी झाली. एन्नोच्या खुब्यावर बोलून झालं. मग फोल्कमारने फ्लॉपी काढल्या. गिसबर्टने सवयीने हात पुढे केला आणि सवयीनेच म्हणाला, "घरी जाऊन टाकतो."

फोल्कमारने फ्लॉपी दिली नाही.

"आज मीच तुमच्या यंत्रांत टाकतो," तो म्हणाला. "दोघांच्याही. एन्नोच्या घरी उद्या जाऊन येईन."

"कशाला रे त्रास? घरी निवांत टाकतो ना."

"त्याचं काय आहे..." फोल्कमार फ्लॉपीची धातूची पट्टी अंगठ्याने सरकवत राहिला. "रोझविथाला आता जिने झेपत नाहीत. आंकेने म्युन्स्टरला घर बघितलंय. जाणार असं नाही. पण जायची वेळ आलीच, तर पुढचे काही महिने तुमचं अडू नये. एकदा सगळं ताजं करून ठेवतो, म्हणजे मला घोर नाही."

गिसबर्टने इर्महिल्डकडे पाहिलं. पलीकडच्या खोलीत चेंडू घरंगळत गेला आणि खुंट्या पडल्या.

"पण नियम आहे ना आपला," गिसबर्ट म्हणाला. "दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा नाही."

नियम होता खरा. क्लबाच्या सुरुवातीच्या दिवसांत कोणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस घरोघर गेला होता आणि प्रकरण हातघाईवर आलं होतं. तेव्हापासून फ्लॉपी द्यायची, घ्यायची, आणि आपापल्या घरी जाऊन टाकायची.

"नियम मीच केला होता," फोल्कमार म्हणाला. "मीच मोडतो."

तो गिसबर्टच्या खुर्चीत बसला. गिसबर्ट उठून कॉफीची किटली आणायला गेला, खरं तर किटली अर्धी भरलेली होती. फोल्कमारने नव्या फायली टाकायच्या आधी जुन्या कोणत्या आहेत हे विचारणारी आज्ञा टाइप केली. ही त्याची शिस्त. आहे ते पाहिल्याशिवाय, त्याची प्रत बाजूला ठेवल्याशिवाय, वर नवीन लिहायचं नाही.

पडद्यावर उत्तर आलं. त्याने चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. चित्रांची लायब्ररी. अक्षरांची. आवाजाची. एकेकीला तो नावानिशी विचारत गेला आणि एकेक लायब्ररी तेच सांगत गेली. सगळ्यांच्या तारखा एकाच हिवाळ्याच्या होत्या. तो हिवाळा त्याच्या पक्का लक्षात होता, कारण त्याच हिवाळ्यात दिव्यांचा कारखाना बंद पडला होता आणि फोल्कमार जेवणाचा डबा घेऊन घरी परत आला होता, कायमचा.

आधी त्याला वाटलं की आपलंच काहीतरी चुकतंय. आतल्या घड्याळाची बॅटरी गेली असेल. चुकीच्या कप्प्यात बघत असू. त्याने कप्पा तपासला. कप्पा बरोबर होता.

"गिसबर्ट," तो मान न वळवता म्हणाला, "तू एकही टाकलेली नाहीस."

गिसबर्ट किटली घेऊन दारात उभा होता. "राहून गेली असेल एखादी."

"सगळ्या?"

"त्याला बोलू नकोस," इर्महिल्ड म्हणाली. तिने आपलं यंत्र त्याच्याकडे वळवलं. "माझंही बघ. तेच आहे. एन्नोचंही तेच."

फोल्कमारने पाहिलं नाही. हात मांडीवर ठेवून तो बसला.

"ऐक," ती म्हणाली. वर्गात न ओरडता ऐकवायची सवय तिच्या आवाजात अजून होती. "त्या हिवाळ्यात तू दिलेल्या लायब्ररीने माझा स्वरलेखनाचा प्रोग्राम मोडला. नाताळाची सगळी गाणी त्यात होती. उघडायला गेले की पडदा काळा. मी ती गाणी हाताने पुन्हा लिहिली. गिसबर्टचंही काहीतरी अडकलं. आम्ही तुला सांगणार होतो. पण शनिवारी तू आलास तो कारखान्यातली नोकरी सुटून. रोझविथाने सांगितलं होतं की तू घरात बोलत नाहीस, जेवत नाहीस, नुसता त्या लायब्रऱ्या तपासत बसतोस. मग एन्नो म्हणाला, या महिन्यात नको. त्याच्या हातात दुसरं काय आहे आता."

"मग पुढच्या महिन्यात सांगायचं."

"पुढच्या महिन्यात तू नव्या घेऊन आलास. हसत होतास." इर्महिल्डने टेबलावरचे केकचे कण बोटाने गोळा केले. "मग सांगायची वेळच निघून गेली."

"आम्ही त्याच हिवाळ्यात जुनी प्रत परत लावली आणि पुन्हा हात लावला नाही," गिसबर्ट म्हणाला. "फ्लॉपी सगळ्या आहेत हां. इकडे तिकडे नाही केल्या. एक तेवढी बायकोने शिलाई मशीनच्या पायाखाली घातलीय, डुगडुगायचं म्हणून."

फोल्कमारला राग आला. तो राग त्याला चढू द्यायचा होता, चढला असता तर बरं वाटलं असतं. "इतकी वर्षं मी..." त्याने सुरुवात केली.

"एक विचारू?" गिसबर्टने किटली खाली ठेवली. "तुझ्या घरी काय आहे? ते तपासायचं यंत्र नाही म्हणत मी. बैठकीत आहे ते. ज्यावर तू पत्रं लिहितोस, शुभेच्छापत्रं करतोस ते. त्यावर ही टाकलीस?"

बैठकीतल्या यंत्रावर फोल्कमारने कधीच काही टाकलं नव्हतं. दर वेळी वाटायचं, टाकू निवांत. मग वाटायचं, उगीच कशाला.

"चालत होतं ते," तो शेवटी म्हणाला.

"हं," गिसबर्ट म्हणाला. "आमचंही चालत होतं."

इर्महिल्डला हसू आलं. तिने ते रुमालात दाबायचा प्रयत्न केला, पण तोवर गिसबर्ट हसायला लागला होता. फोल्कमारही हसला, थोडासाच. हसताना त्याला आपले खांदे दुखतात हे जाणवलं.

जाताना कोट चढवत त्याने विचारलं, "पुढच्या महिन्याची खोली कोण सांगून ठेवणार?"

गिसबर्ट खुर्च्या टेबलाला लावायला लागला. मग इर्महिल्ड म्हणाली, "तू म्युन्स्टरला जाणार असशील, तर राहू दे ना खोली. बसचं फार होतं रे आता मला. तू फ्लॉपी करून वाट बघत असशील म्हणून निघायचे मी घरातून." तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता आणि तो लपवणं तिला जमलं नाही. फोल्कमारला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

"मीसुद्धा तुमच्यासाठीच निघायचो," तो म्हणाला.

गिसबर्टने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि केकचा रिकामा डबा हातात दिला. "रोझविथाला सांग, आलुबुखार या वर्षी गोड होते."

नदीकाठच्या रस्त्याने तो घरी निघाला. पिशवीत चारही फ्लॉपी होत्या. घरी काय सांगायचं याची तो जुळवाजुळव करत होता. हल्ली त्यांचं तसं अडत नाही, असं म्हणता येईल. किंवा एन्नो आजारी आहे, क्लब तसाही बंद पडतोय, असं. खरं सांगायला जीभ वळेल असं त्याला वाटत नव्हतं. वर्षानुवर्षं ज्याच्या नावावर त्याने तिला त्या जिन्यावर चढ-उतार करायला लावली, ते मुळात नव्हतंच, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं?

इमारतीचं दार उघडलं तेव्हा साबणाचा वास आला. रोझविथा पहिल्या मजल्याच्या वरच्या पायऱ्यांवर बसली होती. बादली शेजारी, फडकं बादलीच्या काठावर, डावा पाय सरळ लांब केलेला. वरच्या पायऱ्या अजून ओल्या होत्या, खालच्या कोरड्या आणि मळक्या.

"थांब, पुसलेल्यावर पाय नको देऊस," ती म्हणाली.

तो तिच्या एक पायरी खाली बसला. तिने त्याच्या हातातला डबा पाहिला, मग पिशवी पाहिली. पिशवीच्या तोंडातून फ्लॉपींच्या कडा दिसत होत्या.

"परत आणल्यास."

"हो."

खालच्या घरात कोणीतरी नळ सोडला, बंद केला.

"इर्महिल्डने सांगितलं का?" रोझविथाने विचारलं.

फोल्कमारने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याने अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"तुला माहीत होतं."

ती बादलीतल्या पाण्याकडे बघत होती.

"कधीपासून?"

"त्याच नाताळात. गिसबर्टची बायको बेकरीच्या रांगेत भेटली होती. तिला वाटलं, मला ठाऊक असेल."

तो हिशेब करायला बसला नाही, पण एकेक गोष्ट आपण होऊन समोर आली. वसंतातलं ते घर. तिने तिथल्या खिडक्यांची मापं घेतली होती, पडद्यांचं कापड आणलं होतं, आणि त्याच्या 'बघू'नंतर ते दुकानात परत दिलं होतं. त्या आधीची भांडणं. दर भांडणात तो शेवटी हेच म्हणायचा, की माझ्यावाचून त्या तिघांचं अडेल, आणि त्यावर ती गप्प व्हायची. त्याला वाटायचं, पटलं हिला. एक वाक्य तिच्याजवळ होतं. ते बोलली असती तर त्याच दिवशी भांडण संपलं असतं, आणि घर तिचं झालं असतं. ते वाक्य तोंडात धरून ती बादली घेऊन हा जिना चढत-उतरत राहिली.

"मग बोलली का नाहीस?" त्याने विचारलं.

"बोलून काय होणार होतं?" तिने गुडघा चोळला. "जिना थोडाच कमी होणार होता."

"झाला असता," तो म्हणाला.

रोझविथाने क्षणभर विचार केला. "हो," ती म्हणाली. "झाला असता."

मग फोल्कमारने कोट काढून कठड्यावर टाकला आणि बादली आपल्याकडे ओढली. पाणी गार झालं होतं. त्याने फडकं बुडवून पिळलं. बादली हलली तसं थोडं पाणी पायरीवर सांडलं आणि पिशवीच्या दिशेने ओघळलं. फ्लॉपी भिजू नयेत म्हणून रोझविथाने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"हे झालं की आंकेला फोन करतो," तो म्हणाला. "सोमवारची वाट कशाला बघायची."

"आधी जिना कर."

तो पायरीमागून पायरी पुसत खाली गेला. ती वरून बघत होती. वळणापाशी पोचला तेव्हा त्याला कमरेत कळ आली आणि तो कठड्याला धरून उभा राहिला.

"कोपरा राहिला," रोझविथा म्हणाली. "डावीकडचा. वरच्या पायरीचा."

तो एक पायरी परत वर चढला आणि गुडघा टेकून त्याने तो कोपरा पुसला.